आधी काट्यावर संशय

३ मार्च, सोमवार. सकाळी ११
हॉस्पिटलच्या कॉटवर बसून लिहितो आहे. हाताला सलाइन लावलंय, अक्षर मात्र नेहमीसारखंच सुरेख.

आज सकाळी साडेसहाला मला हार्ट अटॅक आला. छातीच्या मधोमध कुणीतरी सुरी खुपसावी तशी कळ. आडवं झालं की जास्त, खोल श्वास घेतला की त्याहून जास्त. मी अजिबात घाबरलो नाही. दोनदा फक्त 'मेलो' म्हणालो. ही म्हणते, अकरा वेळा. समोरच्या दारातल्या नर्सबाई (निवृत्त, पण सवय जात नाही) म्हणतात, मोजलं नाही, पण जिन्यात ऐकू येत होतं. दोघी आधीपासूनच एका पक्षातल्या.

संकल्प: यातून वाचलो तर कुणावरही रागवायचं नाही. सलाइन लावायला तासभर घेणाऱ्या त्या गाढवावरसुद्धा नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५
हृदयाच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, अटॅक नाही. हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिला सूज आलीय. पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-ताप झाला होता का? झाला होता. मग त्याचीच ही करामत. नाव पेरिकार्डायटिस. वाटतं अटॅकसारखं, पण अटॅक नव्हे.

मी ईसीजीचा कागद मागून घेतला. सत्तावीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये आलेख वाचतोय मी. आठ खोल्या, आठ काटे. प्रत्येक काटा गोल कागदावर दिवसभर तापमानाची रेघ ओढतो आणि ती रेघ बघून मी सांगतो, कुठल्या खोलीत काय बिनसलंय. या कागदावर रेघ चढलेली स्पष्ट दिसत होती. एक नाही, जवळजवळ सगळ्याच. बाईंना म्हटलं, आमच्याकडे रेघ चढली की माल गेला. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुमच्याकडे माल ठेवतात, माणसं नाही.

उर्मट.

पुढे वाकून बसा, बरं वाटेल, असंही म्हणाल्या. वाकलो. बरं वाटलं. योगायोग.

४ मार्च
रक्ततपासणी नॉर्मल. हृदयाची सोनोग्राफी नॉर्मल. माझ्यासारख्या माणसाला सगळंच नॉर्मल कसं, हे कुणाला विचित्र वाटत नाही. उद्या घरी सोडणार. गोळ्या तीन महिने, जड काम बंद.

यावर हिने पहिला प्रश्न काय विचारावा? एकवीस तारखेला मी लेकीकडे गेले तर चालेल ना?

लेकीला पहिलं बाळ व्हायचंय. महिनाअखेरची तारीख दिलीय. लेक पहिल्यापासून घाबरट, आणि हिने तिला शब्द दिलाय की कळा सुरू व्हायच्या आत मी तुझ्या उशाशी असेन. हिने शाळेच्या ऑफिसातून सहा आठवड्यांची रजा मंजूर करून घेतलीय, तिकीट काढलंय, तीन टोपडी विणून झालीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल जा.

मला कुणी विचारलं नाही. मी तिथेच कॉटवर होतो.

७ मार्च
घरी. समाचाराला माणसं येताहेत. सुरुवातीला प्रामाणिकपणे 'पेरिकार्डायटिस' सांगून पाहिलं. एकाने विचारलं, म्हणजे दाताचं का? शब्द लांबलचक, लोकांना वेळ नसतो. म्हणून 'अटॅक' म्हणतो. केवळ ऐकणाऱ्यांची सोय. आज पाच जणांची सोय केली.

ही स्वयंपाकघरातून दर वेळी ओरडते की अटॅक नाही, पिशवीला सूज. आजारी माणसाचा असा पाणउतारा मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेला नाही.

१० मार्च
आलेखाशिवाय उपचार म्हणजे अंधारात दगड मारणं. ब्लडप्रेशरचं मशीन आणलं. दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं की प्रेशर आणि नाडी दोन्ही दिसतात, शिवाय जुने आकडे आत साठून राहतात. फ्रिजवर तक्ता लावला. दिवसातून सहा नोंदी. स्वतःच लिहायला गेलो तर नाडी वाढते, म्हणून ते काम हिच्याकडे. दुपारच्या दीडच्या नोंदीला ही शाळेतून धावत येते, लिहिते आणि धावत परत जाते. चालणं होतं तेवढंच.

आज दीडची नोंद एक चाळीसला झाली. संकल्पाप्रमाणे रागावलो नाही. फक्त बोललो. अर्धा तास.

१२ मार्च
पक्कडबाई भेटायला आल्या. आमच्या विभागातल्या मेकॅनिक. काटे दुरुस्त करतात, हातात कायम पक्कड, म्हणून हे नाव. त्यांना ईसीजी दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, साहेब, एका खोलीचं मशीन बंद पडलं तर एकच काटा चढतो. सगळे काटे एकदम चढले तर आपण काय म्हणतो? खोली ठीक आहे, बाहेरच्या आवरणात पाणी शिरलंय. डॉक्टरीणबाई तेच तर म्हणताहेत.

म्हटलं, हृदय म्हणजे कोल्ड स्टोरेज नव्हे.

तर म्हणाल्या, आणि विभागाच्या भिंतीवर लाल अक्षरात तुम्हीच लिहून लावलंय ना, 'आधी काट्यावर संशय, मग खोलीवर'? आकडा भलताच आला की आधी यंत्र तपासायचं, बोंबाबोंब नंतर. तो नियम एकदा स्वतःला लावा की.

नियम मी केलाय. कुठे लावायचा ते मला कळतं.

ही आत हसली. त्यानंतरची माझी नाडी ८८. हसण्याचा रकाना तक्त्यात हवा होता.

१५ मार्च
संकल्प: ही गेल्यावर कुणावरही अवलंबून राहायचं नाही.

तिला दिवसातून चार-पाचदा तरी सांगतो, तू जा, माझी काळजी करू नकोस, मेलोच तर समोर नर्सबाई आहेत. तरी हिचा चेहरा पडलेला. मोकळ्या मनाने जा म्हटलं तरी हिला मोकळ्या मनाने जाता येत नाही, याला मी काय करू?

तालीम म्हणून अंडं उकडायला ठेवलं. पाणी किती हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. थोडं घातलं. तेवढ्यात जुन्या मित्राचा फोन आला, त्याला अटॅकची हकीकत सांगितली, सविस्तर. अंडं फुटल्याचा आवाज झाला तेव्हा मी दोन्ही हातांनी छाती धरली. पातेलं टाकून द्यावं लागलं. नाडी ९६. स्वयंपाक हृदयाला घातक, सिद्ध झालं. डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, अंडं कसं आहे?

१८ मार्च
लेकीचा फोन. पाय सुजलेत, झोप नाही, भीती वाटते, आई कधी येतेस? मी मध्येच फोन घेतला आणि म्हटलं, बाळा, आईला पाठवतोय, इथे माझं काय व्हायचं ते होवो. लेक रडायला लागली. या दिवसांत होतं असं. हिने फोन अक्षरशः हिसकावून घेतला, आत गेली, दार लावून बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. कांदा चिरलास का, विचारलं. टोपडी बॅगेत भरायला बसली.

नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वहिनी खूप उतरल्यात, लक्ष आहे ना तुमचं? म्हणजे आजारी मी आणि लक्ष द्यायचं तेही मीच.

२० मार्च
बॅग दाराशी उभी आहे. हिने फ्रिजवर चार कागद चिकटवलेत. गॅस, दूध, गोळ्यांच्या वेळा, नर्सबाईंचा नंबर. त्यासाठी माझा तक्ता खाली सरकवला. आता तो बघायला वाकावं लागतं. हिच्यासमोर दोनदा वाकून दाखवलं.

संकल्प: उद्या हसतमुखाने निरोप द्यायचा.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.१०
टॅक्सी आठला, गाडी नऊला. मी हसतमुख आहे. बॅग जिन्यापर्यंत मीच नेणार. ही म्हणाली, नको हो, जड उचलायचं नाही सांगितलंय. म्हटलं, जाता जाता एवढं तरी करू दे.

सकाळी १०. हॉस्पिटल
दुसरा अटॅक.

बॅग उचलली आणि डाव्या बरगडीत चमक निघाली. मी जिथल्या तिथे आडवा झालो, उंबरठ्यावर, बॅगेला धरून. हिला म्हटलं, तू जा, गाडी चुकेल. मग डोळे मिटले. अशा वेळी मिटतात. हिने जी किंकाळी मारली तशी मी तीस वर्षांच्या संसारात ऐकली नव्हती. नर्सबाईंचं दार बडवलं, अनवाणी खाली पळाली, तिच्यासाठी आलेल्या टॅक्सीत मला घातलं. मशीन घ्यायची मीच आठवण करून दिली. रस्ताभर ही माझी छाती चोळत होती आणि म्हणत होती, नाही जात, कुठ्ठे नाही जात मी, डोळे उघडा.

ऐकून बरं वाटलं. म्हणजे, हृदयाला.

१०.४०
ईसीजी स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी बरगडीवर नेमकं बोट दाबलं, मी ओरडलो. म्हणाल्या, स्नायू ताणलाय, अटॅक असा बोटाखाली सापडत नाही. बॅगेत होतं तरी काय? म्हटलं, टोपडी. दुसऱ्या डॉक्टरचं मत मागितलंय. तोवर कॉट सोडणार नाही.

ही समोरच्या बाकावर छातीवर हात ठेवून बसलीय. म्हणते, दडपल्यासारखं होतंय, हात जड झालाय. म्हटलं, सकाळपासून पोटात काही नाही, ऍसिडिटी आहे, पाणी पी.

१०.५५
इथल्या मशीनवर माझा विश्वास नसल्याने घरचं लावून बघितलं. हिच्या समाधानासाठी हिलाही लावलं. प्रेशर ८८, नाडी १२४. हसूच आलं. आधी काट्यावर संशय! परत स्वतःला लावलं. प्रेशर १३०, नाडी ७४. अगदी बरोबर. म्हणजे मशीन अधूनमधून बिघडतंय. हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. ऑफिसच्या लॅबमध्ये पाठवणे. हिचा आकडा खोडला, ७४ तक्त्यासाठी टिपून घेतला.

नर्सबाई चहा घेऊन आल्या. हिच्या कपाळाला हात लावला आणि चहा टाकून डॉक्टरीणबाईंच्या नावाने ओरडत सुटल्या.

११.१०
मला कॉटवरून उतरवलं. कॉट हिला लागली.

दुपारी ३
बाकावर. हिच्या ईसीजीत रेघा चढल्यात. रक्तात हृदयाला इजा झाल्याची खूण निघाली. डॉक्टरीणबाई पळत आत गेल्या. माझ्यासाठी त्या कधी पळाल्या नव्हत्या.

हिच्या चपला घरीच राहिल्यात. पायात काही नव्हतं.

नाडी घेतली नाही.

२२ मार्च
रक्तवाहिन्यांत कुठेही अडथळा नाही. म्हणजे अटॅक नाही. मी म्हणतच होतो! नर्सबाईंना तसं सांगायला गेलो. त्यांनी अशा नजरेने पाहिलं की वाक्य अर्ध्यावर सोडलं.

दुखण्याचं नाव ताकोत्सुबो. जपानमध्ये ऑक्टोपस धरायचं एक मडकं असतं म्हणे, हृदयाचा खालचा भाग फुगून तसा दिसायला लागतो. मनाला जबरदस्त धक्का बसला की होऊ शकतं, हिच्या वयाच्या बायकांत जास्त. सगळी लक्षणं अटॅकची, वाहिन्या मात्र मोकळ्या. बहुतेक जण बरे होतात, पण पहिले काही दिवस जिवाला धोका असतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढ्यात घरात काही ताण, काही धक्का? नर्सबाई आणि भेटायला आलेल्या पक्कडबाई, दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मशीन पक्कडबाईंच्या ताब्यात दिलं. कसून तपासा म्हटलं. दोष सापडायलाच हवा.

२४ मार्च
लेक बाळंत झाली. आठवडाभर आधीच. मुलगी. दोघी ठीक. जावयांचा फोन होता. म्हणाले, शेवटचे तीन तास ती सारखी आईला हाका मारत होती.

हिला आयसीयूत फोनवर बाळ दाखवलं. ही खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मी तिला शब्द दिला होता. मी समजूत घातली, म्हटलं, यात तुझी काय चूक? ती म्हणाली, माझी नाहीच.

डोळे मिटून पडली. मी तिथेच उभा होतो.

२९ मार्च
ही घरी आली. जपायचंय. दगदग नाही, वाद नाही. डॉक्टरीणबाईंनी 'वाद नाही' माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

समाचाराला येणाऱ्यांना दोन्ही अटॅक एकत्रच सांगतो. माझा आधी. क्रमाने सांगितलेलं लोकांना समजतं.

मशीन लॅबमध्ये असल्यामुळे हिची नाडी बोटाने मोजायला गेलो. हिने हात काढून घेतला. अंडं उकडून दिलं, या वेळी पाण्यात. अर्धं खाल्लं. अर्धं खाल्लं म्हणजे बरीच सुधारणा आहे.

१२ एप्रिल
तपासणी. हृदय जवळजवळ पहिल्यासारखं झालंय. हिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, लेकीकडे जाऊ का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाच, आणि दोन महिने हलू नका तिथून. मी विचारायला लागलो की सोबतीला मीही...

नको, म्हणाल्या. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत.

१४ एप्रिल. सकाळी ९
गेली. जावई न्यायला आले होते. बॅग त्यांनी उचलली. हिने टोपडी काढून बघितली, बाळाला आता लहान होतील म्हणाली, तरी परत आत ठेवली.

दारात माझ्या छातीत कळ आली. खरंच आली. हिने मागे वळून पाहिलं आणि थांबली. जावईही थांबले. मी उभा राहिलो. काही म्हणालो नाही. मग ती जिना उतरली, सावकाश, कठड्याला धरून.

संकल्प पाळल्याची या वहीतली पहिलीच नोंद.

१९ एप्रिल
चहाचा डबा सापडला. साखरेचा सापडत नाही. बिनसाखरेचा चहा हृदयाला चांगला. तक्ता बंद आहे, मशीनशिवाय काय लिहिणार. मशीन बिघडलेलं निघालं की कंपनीला कडक पत्र लिहायचं. मजकूर तयार आहे. तुमच्या यंत्राच्या चुकीमुळे एका गृहिणीच्या, असं सुरू केलंय. 'गृहिणी' बरोबर नाही, शाळेच्या ऑफिसात आहे ती. बदलायला हवं.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४
पक्कडबाई मशीन आणि रिपोर्ट देऊन गेल्या. बसल्या नाहीत. महिनाभर त्यांनी ते टेबलावर ठेवून रोज तपासलं. माझ्याच विभागाचा शिक्का, माझ्याच नमुन्यातला फॉर्म: कोणताही दोष आढळला नाही. सर्व नोंदी ग्राह्य.

सोबत मशीनमध्ये साठलेल्या आकड्यांची यादी. माझ्या सहा वेळा तिथे आहेतच. ७४, ७६, ८८, ९६. पण मध्ये मध्ये दुसरेही आकडे आहेत, सकाळी पावणेसहाचे. १४ मार्च, नाडी १०६. १६ मार्च, १०९. १९ मार्च, ११२. निघायच्या दिवशी, २१ मार्च, ११५. पावणेसहाला मी झोपलेला असतो. यातला एकही आकडा फ्रिजवर नव्हता. त्यानंतर १०.५२, नाडी १२४. हा मी स्वतः खोडला होता.

खुर्चीत बसलो. भीती वाटली, खूप. 'मेलो' एकदाही म्हणालो नाही.

संध्याकाळी ६
कंपनीचं पत्र फाडलं. तक्त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर हिचे पाचही आकडे लिहिले. खाडाखोड न करता. मग फोन केला. मागे बाळ रडत होतं. म्हटलं, लॅबचा रिपोर्ट आला, मशीन बरोबर होतं.

ती म्हणाली, मशीनवर माझा संशय कधीच नव्हता.

फोन तिनेच ठेवला.